बारा नंबरच्या खोलीतला वास

ऋता गादी गुंडाळून माझ्या दारात उभी होती. मागे तिच्या दोन रूममेट, उशा घेऊन. सकाळचा चहा नुकताच गॅसवर ठेवला होता.

"मॅडम, आम्ही व्हरांड्यात झोपू," ऋता म्हणाली. "पण त्या खोलीत नाही."

"काय झालं?"

"वास येतो. सुक्या मासळीचा. वैभवीने डबा आणलाय घरून."

मी गॅस बंद केला.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं लेडीज हॉस्टेलची रेक्टर आहे. मुलगी वेळेत परतली का, पाणी का गेलं, वानरांनी गच्चीवरचे कपडे पळवले तर काय करायचं, हे सगळं रेक्टरकडे येतं. कागदावर याला 'अतिरिक्त कार्यभार' म्हणतात. म्हणजे मूळ काम आहेच, हे त्याच्या वर. सुरुवातीला मला आवडायचं. आता निवृत्ती जवळ आली आहे, गुडघे दुखतात, आणि कुणी तक्रार घेऊन आलं की मी आधी खुर्चीत बसते, मग ऐकते.

ऋता चिपळूणची. वडील बँकेत अधिकारी. बारावीला तालुक्यात नाव झालेली मुलगी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आलेली. वैभवी हर्णैची, त्याच वर्गात. वडिलांची होडी, आई लिलावात मासळी विकते. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. गणपतीच्या सुट्टीनंतर ती आदल्या दिवशी संध्याकाळी परतली होती. येताना आईने उन्हाळ्यात वाळवलेले बोंबील आणि कोळंबीचे सोडे डब्यात भरून दिले होते. एसटीत डब्याचं झाकण तडकलं. पावसाळी दमट हवा, बंद खिडक्या. पुढचं सांगायला नको.

मी बारा नंबरच्या खोलीत गेले. वास होता, नाही असं नाही. वैभवी एकटीच कॉटवर बसली होती.

"मॅडम, मी दुसरी पिशवी लावलीय. तरी येतो."

"डबा माझ्या स्वयंपाकघरात ठेव. कॉलेजला जा."

ती लगेच उठली. माझ्या दृष्टीने प्रकरण तिथे संपलं होतं. ऋताला आणि त्या दोघींना मी एका दिवसासाठी गेस्ट रूम उघडून दिली. पण तिने वडिलांना आधीच फोन केला होता.

अकराच्या सुमाराला प्राचार्यांचा शिपाई मला बोलवायला आला. केबिनमध्ये ऋताचे वडील बसले होते. इस्त्रीचा शर्ट, शांत आवाज.

"मॅडम, मी कुणाच्या खाण्यावर बोलत नाही," ते म्हणाले. "ज्याचं त्याचं. पण माझ्या मुलीला तिथे श्वास घेता येत नाही. ती रडत होती फोनवर."

"डबा खोलीतून हलवलाय," मी सांगितलं.

"आज हलवलात. उद्या?"

प्राचार्य माझ्यापेक्षा वयाने लहान. माणूस वाईट नाही, पण पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार होती, आणि लेखी तक्रार म्हटली की त्यांना घाम फुटायचा. "नियमात काय आहे, मॅडम?"

"कोरडा खाऊ आणण्यास हरकत नाही."

"मग?"

"मग सर, सुकी मासळी कोरडीच असते."

ते हसले नाहीत. "मी नोटीस टाईप करून घेतो. मासळी बंद. आणि त्या मुलीकडून लेखी माफीनामा घ्या. पुन्हा असं झालं तर हॉस्टेल सोडावं लागेल, असं त्यात येऊ दे."

मी आतून मात्र पेटले होते. मी संगमेश्वरकडच्या खेड्यातली, बौद्धवाडीतली. मीसुद्धा हॉस्टेलमध्ये राहून शिकले. त्या काळात 'वास' हा शब्द कुणासाठी आणि कशासाठी वापरत, ते मला कुणी समजावून द्यायची गरज नाही. मला वाटलं, हे तेच. नवीन कपडे घालून आलंय एवढंच. या वयात पुन्हा तेच भांडण भांडायचं म्हणून थकवाही आला, पण भांडायची तयारी मी मनात सुरू केली होती.

शिपाई वैभवीला प्रॅक्टिकलमधून घेऊन आला. प्राचार्यांनी तिला सगळं सांगितलं. माफी, अट, हॉस्टेल सोडण्याचं.

"लिहिते सर," ती म्हणाली. "कुठे लिहू?"

मी तिच्याकडे बघितलं. हीच मुलगी पहिल्या आठवड्यात मेसवाल्याशी आमटीच्या पातळपणावरून अर्धा तास वाद घालत होती. इतक्या सहज हार मानणारी ती नव्हे.

"सर, मी तिच्याकडून लिहून घेते. आलेच," म्हणून मी तिला बाहेर आणलं. जिन्याखाली आमचं एक बाकडं आहे. तिथे बसवलं.

"काय गं? पटलं तुला हे?"

"नाय."

"मग लिहिते कशाला म्हणालीस?"

ती ओढणीचं टोक पिळत बसली. मी वाट बघितली. रेक्टरला एवढं एकच काम नीट यावं लागतं.

"मॅडम, ती वासाने नाय रडत," शेवटी ती म्हणाली. "ती महिनाभर रडतेय. डबा तर काल आला."

हे इतकं सोपं होतं, आणि माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं.

"का रडते?"

"टेस्टमध्ये नापास झाली. गणितात न् फिजिक्समध्ये. तेव्हापासून लेक्चरला नाय बसत. सकाळी आमच्याबरोबर निघते आणि मांडवीला जाऊन बसते, समुद्राकडे तोंड करून. मी दोनदा मागनं गेले होते. मला बघितलं तर म्हणाली, कुणाला सांगितलंस तर बोलणार नाय."

मांडवी म्हणजे आमच्या गावातली चौपाटी. संध्याकाळी तिथे गर्दी असते. पावसाळ्यातल्या सकाळी कुणी नसतं. आणि तिथे ही मुलगी रोज एकटी बसत होती.

"हे तू आत का नाही सांगितलंस?"

"तिच्या बाबांसमोर?" वैभवीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही भलतंच बोलले. "मॅडम, माझा डबा जाईल. तिचं कॉलेज जाईल."

मी विचारलं, "आणि तू? तुला जमतंय गणित?"

"मला पण काय कळत नाय. सगळं इंग्रजीत. पण मला बारावीत पण नव्हतं कळत. मी विचारते. सर वैतागतात, तरी विचारते. तिला कधी विचारायला लागलंच नाय, म्हणून तिला लाज वाटते."

मी तिला वर्गात पाठवलं आणि गेस्ट रूमकडे गेले. ऋता बॅग भरत होती. सगळी. पुस्तकं, जर्नल, बादलीसुद्धा. खोली बदलायची असणारी मुलगी बादली बांधत नाही.

"मांडवीला काय करतेस दिवसभर?" मी विचारलं.

तिचे हात थांबले. "वैभवीने सांगितलं?"

"मी खोदून विचारलं म्हणून. माफीनामा द्यायला तयार झाली ती. तुझं नाव न काढता."

ऋता कॉटवर बसली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. बहुधा रडून संपलं होतं.

"मला वर्गात काहीच कळत नाही मॅडम. सर बोलतात ते शब्द कळतात, पण काय चाललंय ते कळत नाही. बारावीपर्यंत मला सगळं कळायचं. आता मी घरी कोण म्हणून जाऊ?"

"बाबांना सांग."

"ते काय म्हणतील?"

"मला माहीत नाही. पण वासाचं कारण किती दिवस पुरेल? ते तुला दुसऱ्या कॉलेजात घालतील. तिथे कसला वास काढशील?"

मी तिला ओढून नेणार नव्हते. वैभवीने जे झाकलं होतं ते मी तिच्या वडिलांपुढे उघडं करणं बरोबर नव्हतं. आणि ऋता गप्प राहिली असती तर वैभवीला माफी लिहू देणंही बरोबर नव्हतं. दोन्ही वाटा वाईट होत्या. मी फक्त बसून राहिले. मग तिनेच चप्पल घातली.

केबिनमध्ये ती वडिलांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. टेस्ट, लेक्चर, मांडवी. आवाज इतका बारीक की प्राचार्यांना पुढे वाकावं लागलं. वडील टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. बोलणं संपलं तरी तिकडेच बघत राहिले.

"मग त्या मासळीचं काय?" त्यांनी विचारलं.

"वास येतोच बाबा," ऋता म्हणाली. "पण त्यामुळे नाही."

तेव्हा मात्र त्या माणसाचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला. "रोज फोनवर विचारतो मी, अभ्यास कसा चाललाय," ते आम्हा दोघांना म्हणाले. "ती म्हणायची, छान."

"सगळ्याच म्हणतात," मी म्हणाले.

ते तिला दोन दिवस घरी घेऊन गेले. मला वाटलं, आता ही काही परत येत नाही. अशा गेलेल्या मुली मी बऱ्याच बघितल्या आहेत. घरी गेलं की आई म्हणते, राहू दे, इथलंच कॉलेज बघू. पण सोमवारी वडीलच तिला सोडायला आले. निघताना त्यांनी वैभवीला बोलावून घेतलं. काय बोलले मला माहीत नाही. दोघंही अवघडून उभी होती आणि बोलणं लवकर संपलं.

पुढे काही चमत्कार झाला नाही. पहिल्या सेमिस्टरला ऋताला दोन विषयांत एटीकेटी लागली. एटीकेटी म्हणजे नापास झालेला विषय डोक्यावर घेऊन पुढे जायची परवानगी. वैभवीला एका विषयात लागली. निकालाच्या दिवशी ऋताने माझ्यासमोर घरी फोन केला आणि म्हणाली, "बाबा, दोन राहिलेत." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण ती फोन ठेवून जेवायला गेली. गणिताच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये विचारलं, "तुमच्या हॉस्टेलच्या त्या दोघी फार प्रश्न विचारतात हो. अभ्यासक्रम पुरा कधी करू?" मी म्हटलं, सर, सहन करा. आता दोघी तिसऱ्या वर्षाला आहेत. विषय सुटलेत. मार्क बेताचेच आहेत.

माफीनाम्याचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. मासळी बंदीची नोटीस मात्र लागलीच. टाईप झाली होती ना. टाईप झालेला कागद परत घ्यायला आमच्याकडे वेगळा ठराव लागतो, आणि त्याला कुणाला वेळ नव्हता. वैभवी रविवारी माझ्या मागच्या दाराने येते, बोंबील भाजून घेते, भाताबरोबर खाते. यावर कुठलाही नियम नाही, कारण रेक्टरच्या स्वयंपाकघराबद्दल नियम करायचं अजून कुणाला सुचलेलं नाही.

दरवर्षी प्रवेशाच्या वेळी पालक मला विचारतात, हॉस्टेलमध्ये मुलगी काय शिकेल. मी काहीतरी शिस्तीबिस्तीचं सांगते, त्यांना तेच हवं असतं. खरं उत्तर असं आहे की दुसऱ्याच्या अडचणीबद्दल तोंड बंद ठेवायचं आणि स्वतःच्या अडचणीबद्दल ते उघडायचं, एवढं जमलं तरी पुरे. बहुतेक मुली घरून याच्या बरोबर उलटं शिकून येतात. ते सुधारायला तीन वर्षं कमीच पडतात.