नोकोरीची नावं

इनुईबाई आमच्या क्योतोच्या कंपनीत आल्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. आधीची तीस वर्षं त्यांनी वनस्पतिकोशाचं काम केलं होतं. आम्ही व्हिडिओ गेम बनवायचो, आणि आमच्या पात्रांना परदेशी भाषांत नावं देणारं कुणीतरी हवं होतं.

त्या वर्षी मी भाताच्या बांधावरच्या लाल हिगानबाना फुलावरून खेळासाठी एका पोरीचं चित्र काढलं होतं. डोक्यावर फूल, अंगावर पान एकही नाही; कारण या फुलाला पानं येतात ती फूल गळून गेल्यावर. आमचे प्रमुख कुगासान म्हणाले, "प्रत्येक भाषेत तिथल्याच झाडावरून नाव हवं. पण पोर तीच वाटली पाहिजे."

इनुईबाईंनी आठवड्यात कागद पुढे ठेवला. युरोपात शरदात असंच एक बिनपानांचं फूल येतं, तेही हिगानबानासारखंच विषारी. जर्मन खेड्यांत त्याला 'उघडी पोर' म्हणतात. इटलीत 'फ्रेद्दोलिना', म्हणजे थंडीने काकडलेली. फ्रान्समध्ये 'वेयोझ', जागत बसणारी.

"वा!" कुगासान खूश झाले. "आणि आपल्याकडचं?"

"आपल्याकडे काय तोटा? मढ्याचं फूल, टाकलेल्या पोराचं फूल. घ्या कुठलंही."

"ती शेंबड्या पोरालाही ठाऊक आहेत. तुमच्या गावात काय म्हणायचे?"

बाईंनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, "नोकोरी. मागे उरलेली. गावचं नाही हे, माझ्या बहिणीनं ठेवलेलं. भात कापून नेलं तरी बांधावर उरतं म्हणून."

त्याच दिवशी नाव ठरलं. मग खेळ तपासताना रोज दिवसभर खोलीत तेच सुरू झालं. "नोकोरी पुन्हा भिंतीत अडकली!" "अरे, नोकोरी मरत का नाही?" दरवेळी इनुईबाईंची मान झटकन वर व्हायची. एकदा तर त्या स्वतःलाच हाक आल्यासारखं "हो" म्हणाल्या.

चहाच्या वेळी मी विचारलं, "बाई, बहीण कुठे असते तुमची?"

त्यांनी कप खाली ठेवला. "युद्ध संपलं त्या पंचेचाळीस सालच्या शरदात गेली. फुकी नाव. ती नऊ वर्षांची, मी पाच. आई आजारी, घरात दाणा नाही. लाल फुलं पाहून आम्ही त्यांचे जमिनीतले कांदे खणले. किसून सात पाण्यांत धुतले की विष जातं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. नेएचान, म्हणजे ताई, किसत होती. म्हणाली, 'चिगु, पाणी तू बदल. मोजून सात वेळा हं.' ओढा लांब होता. हात गारठले होते."

"मग?"

"मला पाचापर्यंतच मोजता येत होतं. पुढचं येत नाही हे सांगायची लाज वाटली. सात झाले म्हणून सांगितलं. तिने आधी स्वतः खाऊन पाहिलं. म्हणाली, 'तू थांब जरा.' दोन दिवसांत गेली. मुळातच हाडांचा सापळा झाली होती."

"पाच वर्षांचं लेकरू तुम्ही," मी म्हणाले.

"आईही हेच म्हणायची. ती कधी मला लागेलसा एक शब्द बोलली नाही."

मी कुगासानना सांगून नाव बदलून घेते म्हणाले. बाईंनी माझा हात धरला. "नको. त्रेपन्न वर्षांत त्या घरचा शब्द माझ्याखेरीज कुणी उच्चारला नव्हता."

खेळ बाजारात जाण्याआधी कुगासाननी त्यांना खेळायला बसवलं. पडद्यावर बांध आला. हाक मारली की नोकोरी बाहेर येते आणि खेळणाऱ्याच्या मागून चालू लागते. बाईंचं बोट बटणावर तसंच राहिलं.

"दाबा ना, इनुईसान."

"हिला परत पाठवता येतं का?"

"नाही. एकदा आली की शेवटपर्यंत मागेच असते. तसंच केलंय."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि बटण दाबलं. पोर फुलांतून बाहेर आली. इनुईबाईंनी तिला बांधाबांधाने चालवलं. ओढा आला तशा त्या थांबल्या, आणि पोर जवळ येईपर्यंत थांबून राहिल्या.