लढाईच्या रानातली भातलावणी

कान्हे गावाजवळच्या त्या भातखाचरात मी एकदाच गेलो, तेही अनुदानाच्या अर्जावर सही घ्यायला. इंग्रजांशी लढाई झालेलं ते रान बंगलेवाल्यांच्या हाती जाऊ नये म्हणून जुन्या जागा जपणारी आमची संस्था, गावकरी आणि सरकारी अनुदान असा मेळ घातला होता. अर्ज मी लिहिलेला. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे त्यातल्या शब्दाशब्दाचा मला अभिमान.

खाचराची म्हातारी मालकीण भात लावत होती. वाकून मागं सरकायची आणि पुढे रोपांची सरळ रेघ उमटायची. मी बांधावरूनच अर्ज वाचला. 'जमीन कायम मोकळी राहील,' हे ऐकताच ती उभी राहिली.

"म्हंजी भात न्हाई लावायचा?"

"नाही मावशी. लढाईची जागा जपायची ना."

"कालेजात असलं जपाया शिकवत्यात व्हय? हितं मेले त्यांच्या नावानं मी दरसाल रोपाची पयली मूठ लावती. माझी सासूबी लावायची. रान मोकळं ठिवलं, तर त्यांना कोण इचारील?"

"इंग्रजांच्या नावानंही लावता?"

"त्यांनाबी आया व्हत्याच की, लेका."

मी अर्जातलं ते मोकळ्या जमिनीचं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'भातशेती चालू राहील.' तिनं लुगड्याला हात पुसून एकेक अक्षर जोडत सही केली.

अनुदानाच्या कार्यालयात साहेबांनी विचारलं, "ही अट कुणी बदलली?" अर्ज माझा, हे मी एरवी छाती काढून सांगतो. तिथं तितक्याच अभिमानानं म्हणालो, "मालकीणबाईंनी." साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं.