मुद्देमालातल्या अस्थी

"वकीलसाहेब, पोलिसांनी माज्या मेव्हण्याला जप्त केलंय."

पिंगळीचा ज्ञानोबा माझ्या ओसरीवर उभा होता. मी विचारलं, "अटक केली म्हणायचंय का?"

"न्हाई. अटक सासू-सासऱ्याला केली. मेव्हणा तर वारलाय."

पाणी प्यायल्यावर तो नीट बोलला. त्याचे सासरे संपतराव वाशिमकडचे, म्हणजे वऱ्हाडातले. त्यांचा एकुलता मुलगा तापानं गेला. त्याच्या अस्थी गंगाखेडला गोदावरीत सोडायच्या म्हणून म्हातारा-म्हातारी निघाली. पिंगळीला उतरून लेकीला सोबत घ्यायचं ठरलं होतं. ज्ञानोबा स्टेशनवर वाट बघत राहिला, पण गाडीतून कोणी उतरलं नाही. पूर्णेला गाडी बदलताना पोलिसांनी दोघांना हटकलं होतं. सासू सखूबाई म्हणाल्या, "आमाले पिंगळीले जाचं हाय." त्या बोलीवरूनच त्या बाहेरच्या ठरल्या.

अठ्ठेचाळीस सालचा उन्हाळा होता. निजामाची रियासत हिंदुस्थानात सामील व्हायला तयार नव्हती आणि सरहद्दीपलीकडून येणाऱ्या प्रत्येकावर संशय होता. रियासतीबाहेरच्या माणसाला सरकारी भाषेत गैरमुल्की म्हणत. असा माणूस परवान्याशिवाय सापडला की चौकशी संपेपर्यंत कोठडीत. चौकशी कधी संपणार, हे कोणी सांगत नसे. अस्थींच्या गाडग्यात दारूगोळा असेल म्हणून पोलिसांनी तेही सील करून मालखान्यात ठेवलं होतं. दोघांना आता परभणीला, माझ्याच गावात, आणलं होतं.

मी वकील होतो, पण त्या दिवसांत निरुपयोगी. गावोगाव चाललेल्या जुलमाचा निषेध म्हणून आम्ही बऱ्याच जणांनी अदालतीवर बहिष्कार टाकला होता. त्यात माझं नाव पोलिसांच्या दप्तरात होतं. मी वकालतनामा दिला असता, म्हणजे त्यांच्या वतीनं उभा राहतो असं लिहून दिलं असतं, तर ती दोघं माझ्याच गटातली ठरली असती. दुसरा वकील शोधणं भाग होतं.

जे अदालतीत जात होते त्यांतल्या एकानं मला दारातच सांगितलं, "जमिनीचा दावा असेल तर आणा. हे नको." दुसऱ्यानं चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला मुलंबाळं आहेत हो." त्याच्यावर रागावता येईना.

मग राहिले अन्वरसाहेब. वय झालेलं, उर्दू देखणी, हुजूरांवर, म्हणजे निजामावर, निष्ठा. त्यांच्या बैठकीत हुजूरांची मोठी तसबीर होती. राजकारणावरून आमचं बोलणं कित्येक महिने बंद होतं. तरी गेलो.

त्यांनी मधे न बोलता ऐकलं. "माँ-बाप कोठडी में, और बेटा मालखाने में?"

"हो."

"कुठले म्हणालात?"

"वाशिमचे. वऱ्हाड."

"बरार?" ते ताठ बसले. "मग गैरमुल्की कसे?"

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. पण त्यांनी शांतपणे समजावलं. वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी घेतला होता, तरी मालकी निजामाचीच, असं रियासत धरून चालायची. निजामाच्या खिताबातच 'हैदराबाद व बरार' असे शब्द होते. हुजूरांची रयत हुजूरांच्या मुलखात परकी कशी होईल?

मी म्हणालो, "साहेब, मला हे मान्य नाही. वऱ्हाड हिंदुस्थानात आहे."

"तुम्हाला मान्य असायची गरज नाही. केस मी चालवणार आहे."

वकालतनाम्यावर दोघांचे अंगठे घ्यायला आम्ही कोठडीपाशी गेलो. संपतराव गजांना धरून उभे होते. अदालतीत काय सांगायचं हे ऐकल्यावर त्यांनी हात मागं घेतला.

"आमी निजामाचे कवा झालो? हे मी म्हननार नाई."

सखूबाई खाली बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलंही नाही. "म्हना हो. पोरगं तिकडं कोंडलं हाय."

संपतरावांनी अंगठा पुढं केला.

पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, दिवशी मी मागच्या भिंतीशी उभा राहिलो. अन्वरसाहेब शेरवानी घालून आले. त्यांनी दयेची याचना केली नाही. एकच प्रश्न विचारला, की बरार हुजूरांचं आहे की नाही?

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "वकीलसाहेब, आज तिथं कारभार कोणाचा आहे, तुम्हाला ठाऊक आहे."

"कारभाराचं मी बोलत नाही, जनाब. मालकीचं बोलतो. अदालतीचं मत वेगळं असेल तर हुकुमात तसं लिहावं. बरार परका मुलूख आहे, एवढंच. मी नक्कल घेऊन हैदराबादला जातो."

मॅजिस्ट्रेटनी टाक उचलला आणि परत ठेवला. तसं वाक्य लिहिणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी खुर्चीवर राहिला नसता. थोड्या वेळानं ऑर्डर झाली. बरारचा उल्लेख नाही. चौकशीत गैर काही आढळलं नाही, सोडून द्यावं.

शिपाई दोघांना बाहेर घेऊन निघाला. अन्वरसाहेब जागचे हलले नाहीत.

"आता काय?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"जनाब, एक आदमी अभी अंदर है."

मॅजिस्ट्रेटना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी मान खाली घालून ऑर्डरमध्ये एक ओळ वाढवली. मालखान्यातून गाडगं आलं. तपासताना तोंडावरचं फडकं फाडलेलं होतं. सखूबाईंनी पदराचा काठ दातानं फाडून ते पुन्हा बांधलं.

त्याच आठवड्यात ज्ञानोबा येऊन सांगून गेला, की गंगाखेडला सगळं नीट पार पडलं. म्हातारी नदीवर रडली नाही, पिंगळीला लेकीच्या घरी आल्यावर रडली.

आम्हाला वाटलं, वऱ्हाडच्या माणसांसाठी वाट सापडली. पुढच्याच महिन्यात तिकडचेच दुसरे दोन भाऊ पकडले गेले. मी कागद घेऊन अन्वरसाहेबांकडे धावलो. त्यांनी वाचून कागद माझ्यापुढं सरकवला. पोलिसांनी 'गैरमुल्की' हा शब्दच गाळला होता. त्या जागी 'संशयित' लिहिलं होतं. म्हणजे बरार कोणाचं, हा प्रश्नच उरला नव्हता.

"शिकले," ते म्हणाले. "बसा. दुसरं काहीतरी शोधू."

ते शोधता शोधता पार पावसाळा उजाडला, आणि भाऊ तोवर आत राहिले. पुढं वकिलीत ज्युनिअर मंडळींना मी एवढंच सांगत आलो: आज सुटण्यासारखा माणूस आजच सोडवून घ्या. तुमचा मुद्दा समोरच्यानंही ऐकलेला असतो.