नानांच्या थेंबांची कायझर्सलाउटर्नवारी

सासरे, म्हणजे नाना, तीन महिन्यांसाठी जर्मनीत ऱ्युसेल्सहाइमला आमच्याकडे आले, तेव्हा मी ऱ्हाइन आणि किल्ल्यांचे बेत आखले होते. नानांना बघायची होती फक्त प्रयोगशाळा. माझा धाकटा दीर केदार कायझर्सलाउटर्नला जंतूंवर पीएच.डी. करत होता आणि नानांच्या थेंबांना तो शाळेत असल्यापासून "नुसता वास" म्हणत आला होता. थेंब म्हणजे ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर यांचे खडे. तिन्ही बाटलीत एकत्र टाकले की आपोआप विरघळून तेल होतं. दाढदुखी, सर्दी, मुंग्या, सगळ्यावर घरात तेच. पोराच्या तोंडून एकदा "गुण आहे" एवढं ऐकायचं, या हट्टापायी जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही दोघं निघालो. नवरा ऑफिसचं निमित्त सांगून सुटला.

जाणाऱ्यांसाठी: वीकएण्डचं तिकीट घ्या. तीसेक युरोत पाच जण दिवसभर फिरतात, फक्त वेगवान गाड्या चालत नाहीत. आम्ही माइन्झ आणि मानहाइमला गाडी बदलली आणि थालीपिठं गाडीतच संपवली. मानहाइमनंतर समोरच्या आजीबाई सारखं नाक ओढत होत्या. मी नको नको म्हणेपर्यंत नानांनी त्यांच्या रुमालावर थेंब टाकला. त्या सात वेळा शिंकल्या, डोळे पुसले आणि "आख, वुंडरबार!" म्हणजे "वा, अप्रतिम!" म्हणाल्या.

"लिहून ठेव," नाना मला म्हणाले.

केदारने स्टेशनवरच ते निकालात काढलं. "नाना, एका शिंकेवरून काही ठरत नाही."

प्रयोगशाळेत त्याने दोन ताटल्यांत निरुपद्रवी जंतू पसरले. एकीत नानांच्या थेंबात भिजवलेली कागदाची चकती, दुसरीत कोरडी. पहिल्या चकतीभोवती काही उगवलं नाही तर नाना जिंकले. दुसरीत मात्र जंतू सगळीकडे उगवायलाच हवेत, नाहीतर प्रयोग बाद. ताटल्या रात्रभरासाठी विद्यार्थ्यांच्या सरावाच्या एका जुन्या उबदार कपाटात गेल्या आणि आम्ही वोनहाइमच्या, म्हणजे केदारच्या वसतिगृहाच्या, गेस्टरूममध्ये. किल्ली आधी मागून ठेवा आणि रविवारचं दूध शनिवारीच घ्या, दुकानं बंद असतात.

सकाळी केदारने कपाट उघडलं आणि दोन पावलं मागे सरकला. दोन्ही ताटल्या लख्ख. कोपऱ्यात नानांची बाटली, बुचाशिवाय.

"थंडीने खडे धरले होते रे तिच्यात," नाना म्हणाले. "म्हटलं, एवढी ऊब आहे, बसू दे रात्रभर."

"अहो, वाफेनेच सगळे गेले! प्रयोग बाद."

"म्हणजे मेले ना?"

"मेले, पण सिद्ध काही झालं नाही!"

"ते मेलेल्यांना सांग."

केदारने बाटली जप्त केली. परतताना नाना खिडकीबाहेर बघत राहिले, चहासुद्धा नको म्हणाले. मला फार वाईट वाटलं. इतक्या लांब येऊन माणूस निकालाशिवाय परत चालला होता.

कायझर्सलाउटर्नला जावं का? जपानी बाग छान आहे म्हणतात, हिवाळ्यात बंद असते. आमच्याबरोबर परत आला तो वास. माझा कोट अजून बाल्कनीत टांगलाय.

बुधवारी केदारचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"तर नाना, प्रयोग परत केला. बाटली बाहेर ठेवून, दोनदा. दोन्ही वेळा चकतीभोवती रुपयाएवढी जागा स्वच्छ. ताटलीत झालं ते पोटात होईलच असं नाही, पण... गुण आहे. मी चुकत होतो."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग फोनवर हात ठेवून हळूच मला म्हणाले, "याला बरं नाहीये. ताप आहे का विचार जरा."