घोडेगावच्या बाजारात, रुमालाखाली

एसटीच्या पाटीवर 'अहिल्यानगर' लिहिलं होतं आणि कंडक्टर दारात उभा राहून 'नगर, नगर' ओरडत होता. दोन्ही एकच ना, अशी खात्री करून घेत एक आजोबा चढले आणि त्यांच्यामागून मी. खिडकीजवळ जागा मिळाली, पण काच बंद होत नव्हती. थंडीचे दिवस. शिरूरपर्यंत मी कानाला मफलर गुंडाळून स्वतःच्या नोकरीला शिव्या देत बसलो.

पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या यकृत विभागात मी संशोधनाच्या कामावर आहे. डॉक्टर नाही. पांढरी कावीळ (हिपॅटायटिस बी) ज्यांच्या अंगात वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे, अशा माणसांवर आमचे डॉक्टर लक्ष ठेवून असतात. यांचे डोळे पिवळे होत नाहीत, भूक लागते, माणूस कामाला जातो आणि काहींचं यकृत मात्र आतल्या आत निबर होत जातं. त्यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. कोणाला होतो, कोणाला नाही, गोळ्यांनी किती फरक पडतो, हे समजावं म्हणून दर सहा महिन्यांनी त्यांचं रक्त तपासायचं आणि सोनोग्राफी करायची. जे यायचे बंद होतात त्यांना शोधून काढणं माझ्याकडे असतं.

या खेपेला भानुदासराव होते. नाव अर्थातच बदललेलं आहे. मिरजगावजवळच्या वस्तीवर राहणारे, धंद्याने हेडी (जनावरांची खरेदी-विक्री करणारा). काही वर्षांपूर्वी गावातल्या शिबिरात रक्तदान केलं, तेव्हा त्यांना आपल्या आजाराचा पत्ता लागला. घरात कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे येत ते 'धंद्याच्या कामाला पुण्याला चाललो' असं सांगून. मागच्या सोनोग्राफीत यकृतात एक छोटी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, बसा जरा, सीटी स्कॅन करू म्हणजे ती कसली ते कळेल. 'पाणी पिऊन येतो' म्हणून उठले ते गेलेच, आणि तेव्हापासून फोन बंद.

संशोधनातून बाहेर पडायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण गाठ आपण होऊन बाहेर पडत नाही. लहान असताना हाती लागली, तर सुई घालून जागच्या जागी जाळता येते. वाढली की मग डॉक्टरही फार काही करू शकत नाहीत. एवढंच मला त्यांच्या कानावर घालायचं होतं, आणि तेही दुसऱ्या कुणाला न कळता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांना घेऊन निघालो, तर तिसऱ्या दिवशी सकाळी सीटीसाठी जागा धरून ठेवली होती.

नगरला गाडी बदलली. सोलापूर रस्त्याला लागलं की डोंगर मागे राहतात आणि दोन्ही बाजूंना उभी ज्वारी सुरू होते. मिरजगावला उतरून रिक्षाने वस्तीवर गेलो. पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, बाजूला गोठा आणि गोठ्यात पाच-सहा काळ्याभोर म्हशी.

"भानुदासराव आहेत का? पुण्याहून आलोय, काम होतं," मी म्हणालो.

गोठ्यातून त्यांचे धाकटे भाऊ पोपटराव बाहेर आले. "दादा घोडेगावला गेल्यात. उद्या बाजार हाय. पर तुमी बसा ना. म्हस बघायचीय ना?"

हेडीच्या दारात पुण्याहून माणूस येतो तो म्हशीसाठीच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. नाही म्हणालो असतो तर मग कशाला आलात, हे सांगावं लागलं असतं. मी घसा खाकरला. त्याचा अर्थ होकार असा घेतला गेला.

पुढचा अर्धा तास मी म्हशी पाहिल्या. जन्मात मी म्हशीच्या इतक्या जवळ गेलो नव्हतो. "ही दुसऱ्या येताची" (दुसऱ्यांदा व्यालेली), "हिची कास बघा", असं करत पोपटरावांनी एकीचं तोंड उघडून मला दात मोजायला लावले. मी गंभीर चेहरा करून मान हलवली. एवढ्यात दुसरीने माझ्या बुटावर पाय ठेवला आणि तिथेच रवंथ करत उभी राहिली. पोपटरावांनी तिला हाकलेपर्यंत माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "गरीब हाय वं ती," ते कौतुकाने म्हणाले.

जेवल्याशिवाय सोडणार नव्हतेच. भानुदासरावांच्या पत्नी मंदाबाई यांनी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची वळून रश्श्यात शिजवलेली कडी) वाढले, सोबत बाजरीची भाकरी आणि लसणाचा ठेचा. मी लाज न बाळगता तीनदा मागून घेतले. खाता खाता सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "भानुदासरावांचं जेवण कसं आहे हल्ली? वजन वगैरे?"

पोपटराव हात धुवायला गेले, तेव्हा मंदाबाई परात बाजूला सारून म्हणाल्या, "म्हशीचं गिऱ्हाईक दुधाचं इचारतं, भाऊ. तुमी मालकाच्या वजनाचं इचारलं. काय हाय त्यांना?"

"काही नाही. ओळख आहे आमची पुण्याची."

"त्यांचा प्याला येगळा. ताट येगळं, सोता घासून ठिवत्यात. चार वर्सं झाली, गोठ्यापाशी निजत्यात. म्हनत्यात, जनावराची राखन करतो. म्या इचार केला, मानूस कटाळलंय मला. लेकी नांदायला गेल्या, आता काय ऱ्हायलंय माझ्यात." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "दुसरं कायतरी आसंल तर सांगा. दुसरं कायतरी आसलं तरी बरं वाटंल मला."

ज्याचा आजार, त्याबद्दल बोलायचा अधिकार फक्त त्याला. हा नियम मी नव्या मुलांना शिकवतो, आणि तो बरोबरच आहे. त्या अंगणात मात्र मला त्या नियमाचा मनापासून राग आला. प्याल्यातून, ताटातून हा आजार जात नाही, हे एक वाक्य बोललो असतो तर या बाईची चार वर्षांची टोचणी गेली असती. "त्यांनाच विचारा," एवढंच म्हणालो आणि उरलेली भाकरी कशीबशी संपवली.

रात्री नगरच्या एका लॉजमध्ये मुक्काम केला आणि सकाळी संभाजीनगरकडे जाणारी गाडी पकडली. इमामपूरचा घाट उतरला की रस्त्यावर जनावरांचे टेम्पोच टेम्पो दिसायला लागतात. त्यांच्या मागोमाग घोडेगाव येतंच.

बाजार म्हणजे आधी धूळ, मग वास आणि मग म्हशी. तेल लावून चकचकीत केलेली शिंगं, गळ्यात नवे गोंडे, दोरखंड विकणारे, भज्यांच्या गाड्या. त्या गर्दीत ठिकठिकाणी दोन-दोन माणसं हातात हात देऊन उभी होती. हातांवर टॉवेल टाकलेला आणि तोंडं भलतीकडेच. माझ्याशेजारी चहा पीत असलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याला विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "सौदा चाललाय. भाव बोटांनी सांगायचा, रुमालाच्या आत. बाजूला सख्खा भाऊ हुबा असला तरी त्याला कळत न्हाई. आन आतलं बाहेर सांगायचं न्हाई, कितीबी दोस्ती आसंना."

भानुदासराव कडुनिंबाखाली सापडले. मला पाहताच चेहरा पडला. थोडे वाळले होते. आजूबाजूला त्यांचे चार-पाच व्यापारी दोस्त.

"तुमी हितं कुठं?"

"तुम्हाला भेटायलाच. जरा बाजूला येता?"

"बाजूला गेलो तर समदा बाजार इचारील, पाव्हना कोन म्हनून." आणि मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा हात ओढला आणि त्यावर टाकला. मोठ्याने म्हणाले, "बोला पाव्हनं, बोला!" दोस्त मंडळी हसून आपापल्या कामाला लागली. सौद्यात कुणी नाक खुपसत नाही.

त्यांचा हात खरखरीत होता आणि घामाने ओला झालेला होता. "तोंडानं नगा बोलू," ते ओठ न हलवता पुटपुटले. "किती हाय ते दावा."

मग मी त्यांची करंगळी धरली आणि वरच्या पेराएवढं टोक चिमटीत दाबलं. एवढी.

ते समोरच्या म्हशीकडे बघत होते. "आन तशीच सोडली तर?"

मी माझी मूठ वळून त्यांच्या तळव्यात ठेवली. त्यांनी ती चाचपून पाहिली. बराच वेळ सोडली नाही.

"म्या माळ घालून बघितली," शेवटी ते म्हणाले. आमच्याकडे काविळीची माळ घालतात, ठाऊक असेल वाचकांना. काटक्यांची माळ डोक्यावर ठेवायची. ती जशी वाढत खाली उतरते तशी कावीळ उतरते, असा समज. "माळ तसूभर वाढली न्हाई. माळ देनारा म्हनला, तुला कावीळच न्हाई. म्या म्हनलं, सुटलो."

"डोळे पिवळे करणारी कावीळ तुम्हाला नाहीच," मी हळूच म्हणालो. "गाठीचं माळेला काय कळणार? ती कसली आहे ते सीटीत कळेल. वाईट निघाली तरी आज करंगळीच्या पेराएवढीच आहे. डॉक्टर म्हणतात, एवढीला इलाज आहे."

"घरी कळंल. बाजारात कळंल. कोन च्या बी पिनार न्हाई माझ्यासंगं."

"चहाने होत नाही हा आजार. दाढीचं पातं वेगळं ठेवा, तेवढं बरोबर आहे. प्याला, ताट वेगळं ठेवायची काहीच गरज नव्हती. आम्ही सांगितलं होतं तुम्हाला."

"सांगितलं हुतं. पर मंदीला कायतरी झालं म्हंजी? म्हनून आपलं लांबच."

"रक्तातून होऊ शकतो, नवरा-बायकोत होऊ शकतो. म्हणूनच त्यांची तपासणी व्हायला पाहिजे. नसेल तर लस आहे. काल तुमच्याकडे जेवलो मी. त्या काय समजून बसल्यात, माहीत आहे का?"

"काय?"

"मी नाही सांगणार. त्यांना विचारा."

टॉवेलखाली त्यांची बोटं थांबली. हा माणूस हात काढून घेणार आणि गर्दीत पुन्हा नाहीसा होणार, असं मला वाटलं. पण त्यांनी माझा हात घट्ट दाबला आणि टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. चहावाल्याशेजारचे ते व्यापारी लांबून ओरडले, "झाला का सौदा?"

"झाला," भानुदासराव म्हणाले.

दुपारी त्यांच्या रिकाम्या टेम्पोतून आम्ही मिरजगावला परत आलो. अंगणात म्हातारी आई ज्वारी निवडत होती, पोपटराव होतेच, शेजारची दोन माणसंही बसलेली. मंदाबाई पाणी घेऊन आल्या. भानुदासरावांनी तांब्या खाली ठेवला, त्यांना बाजेवर बसवलं आणि चारचौघांत त्यांच्या हातावर टॉवेल टाकला.

"आरं, म्हस हाय का ती?" म्हातारी हसत सुटली. पोपटरावही हसले. मी गोठ्याकडे बघत उभा राहिलो. भानुदासराव खाली मान घालून काहीतरी सांगत होते, अगदी हळू, आणि मंदाबाईंचा चेहरा आधी लाजेने, मग भीतीने बदलत गेला. मग त्या एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "आन म्या येड्यावानी काय काय समजत बसले!" आणि आत निघून गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पायांत चपला होत्या, हातात पिशवी. "लेकीकडं जाऊन येते," असं त्यांनी सासूला सांगितलं आणि आमच्याबरोबर निघाल्या. म्हशीचं काय ठरलं, असं पोपटरावांनी मला विचारलं. बघू म्हणालो.

वाचकांना रुखरुख नको म्हणून पुण्यातलं आधीच सांगून टाकतो. गाठ वाईट निघाली, पण लहानच होती. डॉक्टरांनी ती सुईने जाळली आहे. पुढे किती वर्षं कसं राहील हे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि यायचं आता कधीच चुकवायचं नाही. मंदाबाईंच्या रक्तात काही सापडलं नाही. त्यांना लस सुरू झाली.

पण मला या प्रवासातलं त्यापेक्षा वेगळंच आठवत राहतं. परतीची एसटी सुप्याला चहासाठी थांबली. अंधार पडत होता आणि थंडी चांगलीच होती. भानुदासरावांनी तीन चहा आणले आणि आपला ग्लास घेऊन सवयीने चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. मंदाबाईंनी आपला ग्लास टपरीच्या फळीवर तसाच ठेवला, त्यांच्यापाशी गेल्या, त्यांच्या हातातला उष्टा ग्लास काढून घेतला आणि तोंडाला लावला.

भानुदासराव दचकले. त्यांचा हात अर्ध्यावर आला, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

चालतं, अशी मी मान हलवली. संशोधनाच्या नोकरीत मला इतकं ठाम उत्तर द्यायला फार क्वचित मिळतं.

मंदाबाईंनी सावकाश अर्धा चहा प्यायला आणि उरलेला त्यांच्या हातात दिला. "थंड झालाय," त्या म्हणाल्या, "पर प्या." भानुदासरावांनी ग्लास फिरवला नाही. जिथे मंदाबाईंनी ओठ लावले होते तिथूनच ते प्यायले. कंडक्टरने दोनदा घंटी दिली, तरी चहा संपेपर्यंत ते हलले नाहीत.