गार्डन बारचा आवाज

मंगळवारी संध्याकाळी आमच्या गावातल्या गार्डन बारचा स्पीकर बंद झाला. भिंतीला लागून राहणाऱ्या शेवंताकाकूंनी ग्रामसभेत तक्रार नोंदवून मागणी केली होती, "आवाज बंद करा." मालक दिनेशने ती मान्य केली.

बुधवारी मी काकूंच्या ओट्यावर चहा घेत होतो. गाणी नसल्याने पलीकडच्या टेबलांवरचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

"शेवंताकाकूची पोरगी परत आली म्हणे. आता कायमचीच."

"नांदायला जमायला नको का?" दुसरा म्हणाला आणि टेबल हसले.

घरात भांडी घासण्याचा आवाज थांबला. मुलगी आतच होती.

गोंगाटाची तक्रार करता येते. पण त्यातले शब्द कळू लागले की तक्रार नेमकी कशाची करायची, मला सुचेना. काकू उभ्या राहून भिंतीपलीकडे ओरडल्या, "दिन्या, गाणी लाव रे!"

"काकू, तुम्हीच तर बंद करायला लावली!"

"लाव म्हणते ना. मोठ्यांदा लाव."

गाणी सुरू झाली. थोड्या वेळाने आत भांडी पुन्हा वाजू लागली. काकूंची तक्रार ग्रामपंचायतीत अजून कायम आहे.