अर्ध्यावर मिटलेली पोथी

फोन आला तेव्हा मी कळंबच्या कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागेवर लावत होते. पलीकडे चाची होत्या, परंड्याच्या मुजावर सरांच्या पत्नी. एरवी त्या आधी विचारतात, “जेवलीस का?” त्या दिवशी विचारलं नाही. “लई मारलं गं सरांना… हात ठेवला न्हाय त्यांचा,” एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला. मागून कुणीतरी ‘पाणी द्या, पाणी द्या’ म्हणत होतं.

सरांना जाऊन आता काही आठवडे झाले. पेपरात चार ओळींची बातमी आली होती, गुप्तधनाच्या हव्यासातून निवृत्त शिक्षकाचा खून. ती खोटी नाही. पण त्या चार ओळींत सर कुठेच नाहीत.

शाळेत सर आम्हाला मराठी शिकवायचे. “मुजावर, आणि मराठी?” असं कुणी नवख्याने विचारलं की म्हणायचे, “दर्ग्यात फूल ठेवायचं काय आन् अक्षरावर मात्रा ठेवायची काय, जागच्या जागी ठेवलं म्हंजे झालं.” त्यांचा आवडता शब्द एकच, ‘वाच’. शेंगदाण्याची पुडी सुटली की कागद पुढे करायचे, वाच. एसटीची पाटी दिसली, वाच. मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे, म्हणून माझं नावच त्यांनी ‘वाचणारी’ ठेवलं होतं. मोकळ्या तासाला ते आम्हाला अंकपल्लवी शिकवत. ही अक्षरांऐवजी आकडे लिहायची जुनी रीत. क-ख-ग-घ हा एक वर्ग, च-छ-ज-झ हा दुसरा; पहिला आकडा वर्गाचा, दुसरा त्या वर्गातल्या जागेचा, तिसरा काना-मात्रेचा. सर ती बोटांच्या पेरांवर मोजून वाचत. अंगठा पेरांवरून असा सरसर फिरे, की जणू तसबीहचे मणी ओढताहेत. आम्ही मुलींनी त्या लिपीचा पहिला उपयोग केला तो एकमेकींना शिव्या लिहायला. एक चिठ्ठी सरांच्या हाती लागली. अंगठा फिरला आणि म्हणाले, “शिवी झकास हाय. वेलांटी चुकली.”

या अंगठ्यानेच त्यांचा घात केला.

आमच्या भागात गुप्तधनाचं वेड जुनं आहे. किल्ल्याच्या तटाखाली, तेरच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांवर, हळद-कुंकू आणि लिंबं पडलेले खड्डे आम्ही लहानपणापासून बघत आलो. तेरकडच्या एका माणसाला घराची भिंत पाडताना पोथी सापडली. दोन लाकडी फळ्यांत बांधलेली, लांबट पानांची. समासात साप, चौकोन, उघडे पंजे काढलेले आणि पानभर नुसते आकडे. तो ती घेऊन सरांकडे आला. सोबत एक मांत्रिक होता, ज्याला तो ‘महाराज’ म्हणत होता. आणि त्या पोथीवाल्याच्या मांडीवर त्याची स्वतःची लहान मुलगी. चाचींनी मुलीला बिस्किटं दिली. सरांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. बऱ्याच वेळाने वर बघून म्हणाले, “लागत न्हाय मला ह्ये. ठेवून जा, बघतो सवडीनं.” माणसाने एका पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि पोथी ठेवून गेला. महाराजाला अक्षरओळख नव्हती, पण समोरच्या माणसाचे हात बघण्यावरच त्याचं पोट होतं. तोंड ‘लागत न्हाय’ म्हणायच्या आधी अंगठा पेरांवरून किती तरी वेळ फिरत होता आणि एका जागी एकदम थबकला, हे त्याने पाहिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात सर कळंबला माझ्या घरी आले. पिशवीत वर मेथीच्या जुड्या, खाली लाल फडक्यात पोथी. “तुझ्याकडं ठेव.”

“वाचलीत?”

“अर्धी.”

मला हसू आलं. अर्धवट ठेवलेलं पुस्तक आणि मुजावर सर! पण ते हसले नाहीत. “ह्यात ठिकाण न्हाय, वाचणारी, मागणी हाय. पोटच्या लेकराची. पहिल्या मुलीची. कसं न्हाऊ घालायचं, मान कुठल्या दिशेला धरायची… माझ्या अंगठ्याखाली ह्ये लागत होतं, आन् समोर ती पोरगी बापाच्या मांडीवर बसून चहात बिस्कीट बुडवत होती.”

“आणि पुढे?”

“तिथंच मिटली. पुढं धन असंल, न्हाय तर निस्ता शाप असंल. मला न्हाय बघायचं.”

“मग सांगून टाका ना सगळ्यांना, की यात असलं आहे.”

“कुणाला सांगू? लिहिलंय म्हनलं की खरंच असतंय, असं समजणारी मानसं हायेत ती. आपनच शिकवलं त्यांना तसं.” मग मेथीकडे बोट दाखवून म्हणाले, “भाजी मात्र आजच कर. पिवळी पडती.”

पुढचं मी चाचींकडून ऐकलं, तुकड्यातुकड्यांनी. शुक्रवार होता. सर नमाजहून येऊन अंगणात पाय धूत होते. तो माणूस, महाराज आणि आणखी दोघे आत शिरले. चाचींना स्वयंपाकघरात कोंडलं. घर उसकटलं, पोथी मिळाली नाही. मग मोबाइलवरचा फोटो सरांच्या डोळ्यांपुढे धरला. “ह्ये एकच पान वाचा, मास्तर.”

“लागत न्हाय मला.”

“तोंडानं लागत न्हाय,” महाराज म्हणाला. “बोटानं लागतंय. मोजा बोटावर.”

उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि पहारीने करंगळीपासून सुरुवात केली. चाची दाराच्या फटीतून बघत होत्या, दार बडवत होत्या. “दर बोटामागं तेच इचारत होते गं. आन् ह्ये तेच सांगत होते, लागत न्हाय, लागत न्हाय.” हाड मोडल्याचा आवाज ओल्या काटकीसारखा येतो, हे चाचींनी मला सांगितलं तेव्हा त्या कणीक मळत होत्या. हात थांबला नाही त्यांचा. बोटं संपल्यावर पहार जबड्यावर आली, मग डोक्यावर. गल्ली गोळा झाली तेव्हा ते पळाले. कुर्डुवाडीच्या रस्त्यावर धरले गेले.

सोलापूरच्या दवाखान्यात सरांना ओळखावं लागलं. चेहरा सुजून काळानिळा, तोंडात नळी, उजवा हात खांद्यापर्यंत बांधलेला. मी डाव्या बाजूला बसले. डोळे उघडे होते. त्यांनी माझा हात ओढला आणि डावा अंगठा माझ्या पेरांवर टेकवायला लागले. मला आधी वाटलं, वेदनेने हात थरथरतोय. मग कळलं, सर लिहिताहेत. एकेक अक्षर फार हळू येत होतं. मध्ये दम लागायचा, मग पुन्हा पहिल्यापासून… मी डोळे मिटून मोजत राहिले.

वाचू नको.

जन्मभर ज्या माणसाने आम्हाला ‘वाच’ सांगितलं, त्याचे शेवटचे शब्द हे. मी मान हलवली. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं नाही. माझ्या तळहातावर त्यांनी अंगठा दाबून धरला. नर्स येईपर्यंत तो तसाच होता. दुसऱ्या दिवशी ते गेले.

त्या मुलीची आई तिला घेऊन माहेरी गेली आहे. यंदा ती शाळेत जाईल. कुणीतरी तिलाही अक्षरं शिकवेल.

खरं सांगायचं तर मी तो शब्द लगेच पाळला असं नाही. पोथी माझ्या कपाटात होती, आणि मी वाचणारी. मांडीवर घेऊन कितीदा बसले असेन. सरांनी जिथे मिटली होती, तिथे त्यांनी खूण म्हणून लाल दोरा घातला होता. अर्ध्या पोथीसाठी सरांचा जीव गेला, मग उरलेल्या अर्ध्यात काय आहे, हे निदान मला तरी कळायला नको? गाठ सोडायचे, पुन्हा बांधायचे. तेवढ्यात चाचींच्या दारात एक अनोळखी माणूस येऊन गेला. अदबीने बोलला, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाला, “पोथी काय किमतीची हाय, ठाऊक हाय न्हवं? आमचा एक मानूस हाय, त्याला वाचता येती.”

मी पोथी घेऊन परंड्याला गेले.

चाचींनी अंगणात बंब पेटवला होता. आधी फळ्या घातल्या, मग पानं. जुना कागद एकदम पेटत नाही. पान काळं पडत गेलं, वाकलं, आणि आग धरायच्या आधी त्यावरची शाई लखलखून उठली. लाल दोऱ्यापुढची पानं होती ती. आकडे इतके स्पष्ट मी आधी कधी पाहिले नव्हते. एक ओळ, दुसरी ओळ… मला कळायच्या आत माझा अंगठा करंगळीच्या पेरावर जाऊन टेकला होता.

मी मूठ मिटली. नखं रुतेपर्यंत मिटली आणि दुसऱ्या हाताने ती धरून ठेवली.

“झालं?” चाचींनी विचारलं.

“झालं.”

बंबातलं कढत पाणी त्यांनी बादलीत काढलं आणि उंबऱ्याशी जाऊन बसल्या. लाकडाच्या चिरेत अजून डाग होता. त्या तो घासायला लागल्या, आणि मी मूठ न उघडता, एका हाताने पाणी ओतत राहिले.